दोन बोटांचा चढ

गफूरचाचा,

आशूला बसता येत नव्हतं, तेव्हा आमच्या घरात तिची खुर्ची मी होते.

तुम्हाला हे माहीतच आहे, पण तुमच्याविषयी लिहायचं तर मला तिथूनच यावं लागतं. कापडे गावाच्या वर, डोंगराच्या अंगाला आमची वाडी. बाबा महाडहून ट्रक घेऊन निघाले की चार-चार दिवस घरी नसायचे. आई खाली खाचरात भात लावायची आणि वर डोंगरात नाचणी-वरी. धाकटी आशू तीन वर्षांची झाली तरी बसत नव्हती. बसवायला जावं तर अंग मागे ताठ करायची, कमान व्हायची तिची, आणि सर्रकन खाली घसरायची. आई तिला जुन्या लुगड्यानं ओटीच्या खांबाला बांधून शेतावर जायची. एका दुपारी ती परत आली तेव्हा आशू खाली सरकली होती आणि लुगडं हनुवटीखाली आलं होतं. पोर वाचली. पण त्या दिवशी खांब संपला आणि मी सुरू झाले.

मी आठ वर्षांची, तिसरीत. सकाळी आई निघाली की मी भिंतीला टेकून बसायचे आणि आशूला पुढ्यात घ्यायचे, तिची पाठ माझ्या छातीला. ती ताठ व्हायला लागली की मी माझे गुडघे वर घ्यायचे, म्हणजे तिचेही गुडघे वर यायचे आणि अंग सैल पडायचं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. दिवसभर धरून बसलं की कळतंच. आई येईपर्यंत मी उठायचे नाही. वाडीतली मुलं दप्तरं घेऊन उतरायची, त्यांचे आवाज खालच्या वळणापर्यंत ऐकू यायचे, मग यायचे नाहीत. असं दीड वर्ष.

आज माझ्या दारावरच्या पाटीवर 'बाल व्यवसायोपचार तज्ज्ञ' असं लिहिलंय. लोक विचारतात, म्हणजे काय हो? मी सांगते, मुलाला बसता यावं, हातानं जेवता यावं, शर्टाचं बटण लावता यावं, पेन्सिल धरता यावी, यासाठी जे काही करावं लागतं ते करणारी बाई. आमच्या वाडीतून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मुलगे-मुली सगळे धरून पहिली. हे मी अभिमानानं सांगते, त्यात लाजायचं काय. पण पहिली कशी झालीस असं कुणी विचारलं की तुमचं नाव येतं, आणि तिथंच माझी जीभ अडते. कारण जिथं ते घ्यायला हवं होतं तिथं मी घेतलं नाही, आणि घेतलं असं तुम्हाला खोटंच सांगितलं. तुम्ही होतात तोवर हे बोलायचं राहिलं. म्हणून लिहिते आहे.

तुम्ही ट्रकच्या बॉड्या बांधायचात. कंपनीतून नुसता सांगाडा यायचा, इंजिन आणि चाकं. मागचा लाकडी हौदा, त्याचे उघडणारे फाळके, केबिन, सगळं तुमच्या शेडमध्ये हायवेच्या कडेला उभं राहायचं. बाबांचा ट्रक तुमच्याच हातचा. चहा पिता पिता कधीतरी बाबा बोलून गेले असणार, की थोरली शाळा सोडून धाकटीला धरून बसते. तुम्ही म्हणालात, "दोघींना घेऊन ये एकदा."

केबिनमध्ये बसून मी पहिल्यांदा महाड बघितलं ते असं. आई खिडकीशी, मध्ये मी, माझ्या मांडीत आशू.

आशूला बघायला तोवर पुष्कळ लोक येऊन गेले होते. देवरुषी आला होता, एक डॉक्टर झाले होते, एक मालीशवाली झाली होती. प्रत्येकानं आधी तिचा पाय धरून ओढला होता. तुम्ही हात लावला नाहीत. एका ओंडक्यावर बसलात, विडी विझवलीत आणि नुसते बघत राहिलात. इतका वेळ की आई चुळबुळायला लागली. तेवढ्यात मागे तुमच्या माणसाच्या हातून फळी पडली. आशू दचकली, ताठ झाली, सरकली. मी गुडघे वर घेतले.

"परत टाक रे," तुम्ही म्हणालात.

फळी परत पडली. आशू परत सरकली.

"अजून एकदा."

"अवो, पोर घाबरतेय," आई म्हणाली.

"घाबरत नाय ती, बाय. सरकतेय." मग बाबांकडे वळून, "कशेडीचा घाट उतरताना ब्रेक मारलास की तुझी पोती कुठं जातात?"

"पुढं येतात."

"नि येऊ नयेत म्हणून काय करतोस?"

"मागं कलती लावतो."

"मग झालं तर. मी विचार करत होतो हिला बांधायचं कसं. माल बांधून राहत नाय, बसून राहतो."

त्यानंतर तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मोठ्या माणसानं माझ्याकडे असं कामाचं म्हणून कधी बघितलं नव्हतं. "पोरी, तू हिला धरतेस कशी, परत दाखव. सावकाश." मी दाखवलं. तुम्ही खिशातून सुतळी काढलीत. आशूच्या गुडघ्यापासून कमरेपर्यंत, कमरेपासून काखेपर्यंत, टाचेपासून गुडघ्यापर्यंत, एकेका जागी गाठ मारत गेलात. मग दुसरी सुतळी काढून माझ्या मांडीला लावलीत.

"माझं माप कशाला?" मी विचारलं.

"सध्या खुर्ची तूच हायस ना?"

निघताना आईनं विचारलं, "बरं व्हईल काय ओ पोरीचं?" सगळ्यांना ती हेच विचारायची आणि सगळे काही ना काही सांगायचे. तुम्ही म्हणालात, "ते वरच्याला ठाऊक. बसंल एवढं बघतो मी."

चाचा, मी पुढे पुष्कळ शिकले. मोठ्या मोठ्या लोकांना पालकांशी बोलताना ऐकलं. पण कुणाला खोटी आशा न देता आणि रिकाम्या हातानं न पाठवता इतक्या थोडक्यात उत्तर देणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. आजही एखादी आई तोच प्रश्न घेऊन समोर बसते तेव्हा मी तुमचं वाक्य वापरते. वरच्याला ठाऊक तेवढं गाळते.

खुर्ची आठवड्यानं आली, बाबांच्या ट्रकमधून, सिमेंटच्या गोण्यांवर बसून. हौद्याच्या उरलेल्या फळ्यांची. पायाखाली आडवी पट्टी, मांड्यांच्या मध्ये गोल केलेली खुंटी, पुढ्यात हात टेकायला आडवा फळा, पाठीला जुन्या सीटचं रेक्झिन. आणि बसायची जागा पुढच्या बाजूला दोन बोटं उंच. बाबांनी बोटं लावून दाखवलं, "गफूरभाईनं सांगितलंय, हा चढ मुद्दाम हाय, कुणी तासू नका."

आशूला बसवलं. मी दोन्ही हात पुढे करून उभी, आता घसरेल, मग घसरेल. बराच वेळ गेला. आई म्हणाली, "मने, हात खाली घे."

मी हात खाली घेतले. आशूनं आपले वर घेतले. दोन्ही तळवे फळ्यावर आपटले, धप्प. थांबली, आपल्याच हातांकडे बघितलं आणि परत आपटले. ज्या आवाजानं ती सरकायची तसला आवाज ती दिवसभर स्वतः करत बसली, आणि सरकली नाही. आमच्या आईला रडताना मी कमी वेळा बघितलंय. त्या दिवशी ती चुलीकडे तोंड करून भाकऱ्या थापत होती आणि भाकऱ्या संपत नव्हत्या.

पुढच्या सोमवारी मी शाळेत गेले.

यात चमत्कार काही नव्हता, असं तुम्ही म्हणाला असतात. मला मात्र आजही तो चमत्कारच वाटतो. फळीच्या आवाजानं पोर सरकते हे एका नजरेत ओळखायला आम्हाला चार वर्षं शिकवतात, त्यावर परीक्षा घेतात, आणि तरी अर्ध्यांना कळत नाही.

आशू वाढत गेली तशा खुर्च्या वाढत गेल्या. माप घ्यायचं काम तुम्ही माझ्याकडे दिलंत. दिवाळी झाली की मी घरी तिला सुतळी लावायचे, गाठी मारायचे आणि बाबांबरोबर पाठवायचे. पुढे महाडला शिकायला आले तेव्हा स्वतःच आणून द्यायचे. एकदा मी शहाणपणा करून वहीत सेंटिमीटर लिहून आणले. तुम्ही वही परत दिलीत. "आकडा माणूस विसरतो, नाय तर चुकीचा वाचतो. गाठ बोटाला लागते." तोवर ड्रायव्हर लोकांनी तुमची कीर्ती दोन्ही घाटांत नेली होती. आंबेनळीच्या वाटेवरून, इकडे कशेडीच्या पायथ्यापासून लोक मुलांना कडेवर घेऊन शेडमध्ये यायचे. प्रत्येक मुलाची सुतळी शेडच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली. एखादं मूल गेलं तरी त्याची सुतळी तुम्ही काढायचा नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, "असू दे. जागा कुठं अडवतेय."

ट्रकच्या फाळक्यावर तुमच्या शेडचं नाव रंगवलेलं असायचं, वेलबुट्टी काढून, ऐटीत. खुर्चीवर कधीच नसायचं. त्याचंही कारण होतं. "पोराच्या पाठीमागं माझं नाव कशाला? पोर त्याच्या आईबापाचं. माल हाय काय तो?"

हे वाक्य मी पुढे फार सोयीनं वापरलं, चाचा. ते येईलच.

मी दहावीत असताना महाडच्या एका शाळेत अपंग मुलांचं शिबिर होतं. मुंबईहून एक बाई आल्या होत्या. त्यांनी आशूला तपासायच्या आधी तिची खुर्ची तपासली. आशूला माझ्याकडे दिलं, खुर्ची उलटी केली, चढावरून हात फिरवला आणि विचारलं, "कुठल्या थेरपिस्टनं दिली ही?"

मी विचारलं, "थेरपिस्ट म्हणजे काय?"

त्यांनी सांगितलं. मला तोवर वाटत होतं की मी जे आशूसाठी करते ते घरकाम आहे. त्याचं कॉलेज असतं, त्याची पुस्तकं असतात, त्याची डिग्री मिळते, हे ऐकून मी इतकी गप्प झाले की बाईंना वाटलं मला मराठी नीट कळत नाही.

बारावी सायन्स, मग मुंबईचं कॉलेज, साडेचार वर्षं. इंग्रजी पुस्तकाचं एक पान वाचायला मला पहिल्या वर्षी तास लागायचा. वर्गातल्या मुली मेंदूच्या आकृत्या काढायच्या तशा मी आधी स्पेलिंगं काढायचे. जायच्या आधी पेढे घेऊन शेडमध्ये आले होते. तुम्ही पेढा तोंडात टाकून विचारलंत, "म्हणजे एवढं शिकून परत खुर्च्याच करणार काय गो?"

"हो."

"मग इथंच राहा की. रंधा देतो हातात."

सगळी शेड हसली. बाबापण. पण मी निघाले तेव्हा हायवेपर्यंत तुम्ही चालत आलात, आणि एसटीच्या खिडकीतून सुतळीचा एक गुंडा आत टाकलात. तो मी कॉलेजात कुणाला दाखवला नाही. लाज वाटायची, हे खरं तेच लिहिते.

शिकून परत महाडला आले. बरोबरच्या मुली पुण्या-मुंबईत राहिल्या, दोघी परदेशी गेल्या. वाडीतले लोक म्हणत, मुंबईत नापास झाली असणार, नाय तर इथं कशाला येते. मी एक खोली घेतली, गादी टाकली, आरसा लावला. तुम्ही मला 'डॉक्टरीणबाई' म्हणायला लागलात. मी सांगायचे, चाचा, मी डॉक्टर नाही, थेरपिस्ट आहे. "तेच ते," तुम्ही म्हणायचात, आणि जो येईल त्याला माझ्याकडे पाठवायचात.

आता भांडणाचं लिहिते.

पहिल्याच वर्षी पोलादपूरच्या बाजूची चार वर्षांची आरोही माझ्याकडे आली. आशूसारखीच ताठ व्हायची. मी तिच्या खुर्चीचा कागद काढला. पट्टीनं आखलेला, कोन घातलेले. कंबर काटकोनात, गुडघे काटकोनात, घोटे काटकोनात, बैठक सपाट. वर्गात हेच पाठ केलं होतं. तुम्ही चष्मा लावून कागद बघितलात.

"चढ कुठं हाय?"

"नको चढ. सपाट करा."

"सरकंल ती."

"चाचा, शास्त्र आहे त्यात. सगळीकडे असंच करतात."

"ह्या कागदातली पोर हलत नाय," तुम्ही म्हणालात. "तुझी हलते ना?"

मला राग आला. खरं सांगायचं तर राग चढाचा नव्हता. साडेचार वर्षं घालवून मी जे आणलं त्याला तुम्ही रंधा मारत होतात. तुम्ही आणखी म्हणालात, "तुझ्याच मांडीचं माप हाय हे, मने. मी कुठं शिकलो? तूच दाखवलंस."

"तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मला काय कळत होतं?"

"तुला नसंल. तुझ्या पायांना कळत होतं."

मी कागद तिथेच ठेवून निघून आले. तुम्ही खुर्ची कागदाबरहुकूम करून पाठवलीत. बैठक सपाट, सुताराची लेव्हल लावून बघावी इतकी सपाट. दोन आठवड्यांनी आरोहीच्या आईचा फोन आला, मॅडम, पोर खाली जाते. मी पट्टा लावायला सांगितला. परत फोन आला, तरी जाते. पट्टा घट्ट करा म्हटलं. पुढच्या वेळी तिला घेऊन आली तेव्हा फ्रॉक वर करून दाखवलं. पोटावर पट्ट्याची लाल रेघ होती.

ती रेघ बघितली आणि मला आमच्या ओटीवरचं लुगडं दिसलं. शिकलेल्या बाईनं एवढं शिकून पोरीला परत खांबाला बांधलं होतं.

खुर्ची रिक्षात टाकून मायलेकींना घेऊन मी शेडमध्ये आले. तुम्ही आरोहीला आईच्या मांडीवर बसवलंत, बैठकीच्या पुढच्या काठाखाली दोन बोटं जाडीची पट्टी ठोकलीत, रेक्झिन परत ताणलंत. पट्टा काढून माझ्या हातात दिलात. आरोही बसली. तिच्या आईनं हातातला बिस्किटाचा पुडा फळ्यावर ठेवला आणि तिनं तो ओढून घेतला.

त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं, चाचा, तुमचं बरोबर, माझं चुकलं. मी काय म्हणाले? "ही पण एक पद्धत आहे. पुस्तकात दिलीये."

"असणारच," तुम्ही म्हणालात. "पुस्तक लिहिणारा पण घाट उतरला असंल कधीतरी."

घरी जाऊन पुस्तक काढलं. होतं त्यात. ताठ होऊन सरकणाऱ्या मुलासाठी बैठकीची पुढची बाजू उचलावी, असं स्वच्छ लिहिलं होतं, आणि त्या ओळीखाली परीक्षेच्या वेळची माझी पेन्सिलची रेघ होती. मी ती पाठ केली होती. तुम्ही ती एक फळी तीनदा पाडून शोधून काढली होती. माणूस थक्क होतो तेव्हा गप्प बसतो, तशी मी बसले. आणि मग तसंच गप्प बसायची सवय लागली, ते वाईट झालं.

त्यानंतर कागद मी आणले नाहीत. सुतळी आणली. कितीतरी मुलं आपण दोघांनी मिळून बसवली. वाद होतेच. चमच्याची मूठ केवढी जाड करायची यावर तुम्ही माझ्याशी चार दिवस बोलत नव्हतात, आणि त्या वेळी माझं बरोबर होतं हेही इथं लिहून ठेवते.

मग मुंबईची सभा आली. आमच्या क्षेत्रातली माणसं जमतात, आपापलं काम दाखवतात. मी खुर्चीचे फोटो दाखवले, मुलांचे आधीचे आणि नंतरचे. कमी साधनांत केलेलं काम म्हणून लोकांना फार आवडलं. ज्यांच्या तासाला मी मागच्या बाकावर बसायचे त्या मॅडम उठून टाळ्या वाजवत होत्या. कुणीतरी विचारलं, डिझाइन कुणाचं? मी म्हणाले, "आमच्याच सेंटरचं. बनवून तिथल्या एका सुतारानं दिलंय."

एका सुतारानं. तोंडातून गेलं. ट्रकवाला म्हटलं असतं तर हसतील असं वाटलं असेल. किंवा तेही नाही, मला ती टाळी एकटीला हवी होती. मनात लगेच तुमचं वाक्य आणून ठेवलं, की त्यांना नाव नकोच असतं. पण तुम्हाला नाव मुलाच्या पाठीवर नको होतं. जिथं विचारलं तिथं सांगू नये असं तुम्ही कधी म्हणाला नव्हतात.

परत आले तेव्हा तुम्ही शेडच्या दारातच उभे.

"काय म्हणाली गो तुझी मुंबई?"

"आवडली खुर्ची सगळ्यांना."

"सांगितलंस काय, ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्यानं केली म्हणून? हसले असतील."

"सांगितलं," मी म्हणाले. "कुणी हसलं नाही."

तुमचा चेहरा कसा झाला ते मी लिहू शकत नाही. तुम्ही वळून रंधा उचललात आणि बराच वेळ एकाच जागी मारत राहिलात.

तीन वर्षं गेली त्याला. रोज भेटत होतो आपण. रोज सांगता आलं असतं.

तुम्ही गेलात त्याला आज चाळीस दिवस होत आलेत. दुपारी जेवून पडलात आणि उठला नाहीत. माती द्यायला पुरुष गेले, बाबा गेले. मी चाचीजवळ बसले. घर बायकांनी भरलेलं. चाची माझा हात धरून प्रत्येकीला सांगत होती, "हीच ती मनीषा. हिनं मुंबईत डॉक्टरांसमोर ह्यांचं नाव घेतलं. हे हॉटेलात बसले तरी सांगायचे, मला मुंबईचे डॉक्टर ओळखतात." बायका माझ्याकडे आदरानं बघत होत्या. मला वाटलं जमीन फाटून आत घेईल तर बरं.

आठ दिवसांनी मी परत गेले. चाची एकटी तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. ती निवडत राहिली. मला वाटलं ऐकलंच नाही. मग म्हणाली, "त्यांना ठाऊक नव्हतं ना?"

"नाही."

"मग ते खुशीत गेले." सूप खाली ठेवलं. "पण मी आठ घरांत सांगितलंय. मला खोटी पाडू नकोस. जा नि सांगून ये."

"आता कोणाला सांगू, चाची?"

"ज्यांना नाय सांगितलंस त्यांना."

तुमच्या घरात सगळेच असे थोडक्यात बोलतात.

मी कॉलेजच्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, ती दोन बोटांच्या चढाची खुर्ची आता आम्ही दुसऱ्या वर्षाला शिकवतो, तुझ्या नावानं. मी म्हटलं, मला एक तास द्या. गेल्या गुरुवारी गेले. माझ्याच जुन्या वर्गात उभी राहिले. मुलींसमोर फळी नेली होती. आधी मुद्दाम पाडली, सगळ्या दचकल्या. मग सांगायला लागले. आमच्या वाडीचं, लुगड्याचं, माझ्या मांडीचं, कशेडीच्या उतारावरच्या पोत्यांचं, पट्ट्याच्या रेघेचं. आणि तीन वर्षांपूर्वी याच मुंबईत मी काय बोलले होते, तेही. ट्रकवाला म्हटल्यावर कुणी हसलं नाही, चाचा. तेवढं तरी मी तुम्हाला खरं सांगितलं होतं म्हणायचं.

तास संपल्यावर एक मुलगी पुढे आली, साताऱ्याकडची. म्हणाली, "मॅडम, दोन बोटं म्हणजे कुणाची बोटं?" मी म्हटलं, ज्या मुलाची खुर्ची, त्याच्या आईची. हे तुम्हीच सांगितलं होतंत. तिनं ते वहीत लिहून घेतलं.

आशू आता तिशीत आहे. ओटीवर बसून शेंगा सोलते, टाकते कमी, खाते जास्त. तुम्ही गेलात हे तिला सांगितलं तेव्हा तिनं फळ्यावर हात ठेवले आणि बराच वेळ हलवले नाहीत. आईला आता शेतावर होत नाही. दोघी दिवसभर एकमेकींना रागावत असतात. आरोही दहावीत बसते. बाबांनी ट्रक विकला, पण तुमच्या नावाचा फाळका काढून घेतला. तो कशाला ठेवलाय विचारलं तर सांगत नाहीत.

आणि मी तुमच्या शेडवरून रोज जाते. तुम्ही असताना मी किती भाग्यवान आहे हे मला रोज कळत नव्हतं. आता कळतं, आणि बोलायला कुणी नसतं.

कॉलेजच्या टिपणातलं ते पान मॅडमनी बदललं. नवं पान काल माझ्याकडे आलं, एक प्रत चाचीला नेऊन दिली. त्यावर छापलंय: सरकणाऱ्या मुलासाठी आसन, पुढे दोन बोटं चढ. रचना आणि काम, गफूर, ट्रक बॉडी कारागीर, महाड.